हिगाशी-कसाईची एन्फिल्ड

रविवारी सकाळी प्रणिताने मला आलं आणायला पाठवलं आणि मी बंदूक घेऊन आलो. हे असं एका वाक्यात सांगितलं की ऐकणारा आधी माझ्याकडे आणि मग दाराकडे पाहतो, म्हणून क्रमाने सांगतो.

टोकियोतल्या आमच्या हिगाशी-कसाईतलं आपल्या माणसांचं वाणसामानाचं दुकान उघडायला तास होता. शहाणा माणूस असा तास बाकावर बसून काढतो. मला बसवत नाही. खुर्चीत बसलो की पाय हलतात, उभा राहिलो की चालावंसं वाटतं आणि चालायला लागलो की कुठे निघालो होतो ते आठवत नाही. "काहीतरी छंद लावून घे," असं प्रणिता वर्षभर सांगत होती. मी बोन्साय आणलं, ते अकरा दिवसांत वाळलं. माउथऑर्गन आणला, तर खालच्या मजल्यावरच्यांनी पत्र पाठवलं. अतिशय नम्र, दीड पानी.

तर तो तास घालवायला मी जवळच्या देवळात गेलो. तिथे आवारात जुन्या वस्तूंचा बाजार भरला होता. किमोनो, चहाच्या किटल्या, कुणाच्या तरी आजोबांचे चष्मे, आणि या सगळ्यांच्या मागे भिंतीला टेकून ती उभी होती. जवळजवळ माझ्या खांद्याइतकी उंच. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, लोखंडी पट्ट्यांनी बांधलेली लांब नळी, आणि घोड्याच्या शेजारच्या पत्र्यावर कोरलेला मुकुट. खाली इंग्रजीत 'टॉवर' आणि साल १८६१.

ज्याने आपल्याकडच्या शाळेत इतिहास घोकला आहे त्याला एन्फिल्ड वेगळी सांगावी लागत नाही. अठराशे सत्तावनच्या उठावाचं तात्कालिक कारण लिहा, गुण चार. एन्फिल्ड बंदूक, तिची काडतुसं, काडतुसांना चरबी, आणि ती दातांनी तोडायची सक्ती. हे उत्तर मी चाचणी, सहामाही आणि वार्षिक अशा तिन्ही वेळा लिहिलेलं आहे. पण ही बंदूक दिसते कशी, हे मात्र कोणी दाखवलं नव्हतं. ती अशी टोकियोत भेटेल असं तर आमच्या बाईंनाही वाटलं नसेल.

"शोगुन सेनापतींच्या राजवटीच्या अखेरच्या काळात इथल्या सरदारांनी इंग्रजांकडून या बंदुका जहाजं भरभरून घेतल्या," दुकानदार म्हणाला. "तोंडातून ठासायची जात. घरात ठेवायला पोलिसांचा परवाना लागत नाही. कलावस्तू आहे. हे तिचं नोंदणीकार्ड."

मी आलं विसरलो.

घरी येताना लिफ्टमध्ये आठव्या मजल्यावरचे जयप्रकाशराव देवधर भेटले. हे आपल्या एका बँकेचे इथले अधिकारी, वय पंचावन्न, आणि आमच्या इमारतीतल्या सर्व मराठी कुटुंबांचे बिनपगारी सल्लागार. त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या त्या लांबलचक वस्तूकडे पाहिलं.

"पडद्याचा रॉड?"

"हो," मी म्हणालो. का म्हणालो, माहीत नाही. माणूस लिफ्टमध्ये खरं बोलत नाही.

"अहो, इथल्या भिंती पोकळ असतात. साधा स्क्रू धरत नाही. तुम्ही काही करू नका."

दारात प्रणिता होती. "आलं?"

"आलं नाही. पण हे बघ." मी कागद सोडला.

ती बराच वेळ काहीच बोलली नाही. लग्नाला चौदा वर्षं झाली. तिच्या बोलण्याची मला सवय आहे, गप्प बसण्याची नाही. आमची तेरा वर्षांची अनघा खोलीतून बाहेर आली, बंदुकीकडे बघून "याबाई!" म्हणाली आणि परत गेली. या जपानी शब्दाचा अर्थ 'भयंकर' असाही होतो आणि 'जबरदस्त' असाही. मी दुसरा धरला.

"हरीश, मी तुला छंद म्हणाले होते," प्रणिता शेवटी म्हणाली. "सैन्य नव्हे."

संध्याकाळी घंटी वाजली. जयप्रकाशराव ड्रिल मशीन, चार प्रकारचे स्क्रू आणि स्पिरिट लेव्हल घेऊन रॉड बसवायला आले होते. आता लपवण्यात अर्थ नव्हता. त्यांनी बंदुकीला आदराने प्रदक्षिणा घातली आणि लगेच मुद्द्यावर आले. "हे सगळं ठीक आहे. पण उद्या टाकायची वेळ आली तर कुठल्या कचऱ्यात? लाकूड जळणारं, लोखंड न जळणारं. की मोठा कचरा म्हणून चिकटपट्टी लावून ठेवणार?" मला राग आला. एकशे साठ वर्षं टिकलेल्या वस्तूचा तिच्या गृहप्रवेशाच्या दिवशीच कोणी असा विचार करतं का? पण रात्री मी नगरपालिकेची कचऱ्याची पुस्तिका काढून पाहिलीच. त्यात उत्तर नव्हतं.

मालक बदलल्याचं वीस दिवसांत कळवायचं होतं. कोणाला, तर शिक्षण खात्याला. या देशात जुनी बंदूक शिक्षण खात्याकडे असते. मला हे फार आवडलं. नमुन्यात बंदुकीची लांबी विचारली होती. कार्डावर ती छापलेलीच होती, एकशे एकोणचाळीस पूर्णांक सात सेंटिमीटर. कोणीही तीच उतरवली असती. पण मी अभियंता आहे. मी प्रणिताच्या शिवणाच्या डब्यातली टेप काढली आणि स्वतः मोजलं. एकशे अडतीस पूर्णांक नऊ. तेच लिहिलं, खाली सही केली आणि प्रामाणिकपणाचं समाधान घेऊन पत्र टाकलं.

आठ दिवसांनी फोन आला. आवाज इतका सभ्य होता की मला घाम फुटला. "हारिशु-सान, आपल्या बंदुकीची आठ मिलिमीटर लांबी कमी भरते आहे. कदाचित ती वेगळीच बंदूक असेल. कृपया तपासणीला घेऊन यावं."

वेगळी बंदूक म्हणजे नोंद नसलेली बंदूक, आणि नोंद नसलेली बंदूक म्हणजे काय ते मला समजावून सांगायला जयप्रकाशराव दहा मिनिटांत हजर झाले. "व्हिसा," ते म्हणाले. एवढंच म्हणाले आणि सुस्कारा सोडला. "मुळात मोजलीत कशाला?"

हाच प्रश्न पुढचे तीन आठवडे मला सगळ्यांनी विचारला. प्रणिताने भांडी घासताना विचारला. माझ्या सासऱ्यांनी पुण्याहून विचारला. त्या तीन आठवड्यांत मी घरात इतक्या येरझारा घातल्या की खालच्यांचं दुसरं पत्र आलं. हे दोन पानी होतं.

तपासणीच्या दिवशी बंदूक मासेमारीच्या गळाच्या पिशवीत घालून मी मेट्रोने निघालो. शेजारच्या आजीबाईंनी आज कुठला मासा धरणार म्हणून विचारलं. मला जपानीत एकच मासा पटकन आठवला, मागुरो, म्हणजे माणसाहून मोठा होणारा टूना. आजीबाईंनी पिशवीकडे पाहिलं, माझ्या दंडांकडे पाहिलं आणि सहानुभूतीने मान डोलावली.

सरकारी इमारतीच्या एका खोलीत पांढरे हातमोजे घातलेले तीन वृद्ध गृहस्थ बसले होते. त्यांनी नळीत दिवा घालून पाहिलं, मुकुट भिंगाखाली पाहिला, मग पोलादी पट्टीने लांबी मोजली. एकशे एकोणचाळीस पूर्णांक सात. पुन्हा मोजली. तेवढीच. मधल्या गृहस्थांनी विचारलं, "आपण कशाने मोजली होती?" मी खिशातून प्रणिताची टेप काढली. त्यांनी ती पोलादी पट्टीशेजारी ठेवली आणि हलकेच सरळ केली.

"ताणली गेली आहे," मधले म्हणाले. "टेप बदलावी."

कार्डावर शिक्का बसला. गेल्या चौदा वर्षांत प्रणिताने शिवलेले माझे सगळे झब्बे मला आखूड की लांब होतात हा विचार करत मी बाहेर आलो, तर बाकावर रांगेत बसलेले एक म्हातारे गृहस्थ माझ्या पिशवीकडे टक लावून बघत होते. त्यांच्याजवळही तशीच पिशवी होती.

हे नोगुची-सान. वय अठ्ठ्याहत्तर, भौतिकशास्त्राचे निवृत्त शिक्षक, बारीक, ताठ, हात किंचित थरथरणारे. त्यांच्याजवळही एन्फिल्डच होती. अर्ध्या तासात त्यांनी माझ्या बंदुकीचे सगळे शिक्के वाचून दाखवले: बर्मिंगहॅमच्या कारागिराची खूण, नळीच्या चाचणीची खूण, आणि दस्त्यावर डाग देऊन उमटवलेली कुठल्याशा सरदाराच्या शस्त्रागाराची खूण. मग ते म्हणाले, "उडवलीत का?"

"नाही हो. मी फक्त संग्रह करतो." एका वस्तूचा संग्रह होतो का, हे त्यांनी विचारलं नाही.

"न उडवलेली बंदूक म्हणजे पडद्याचा रॉड," नोगुची-सान म्हणाले. जयप्रकाशरावांचं आणि त्यांचं आधी काही बोलणं झालं असण्याची शक्यता नव्हती. माझे पाय हलायला लागले. टोकियोजवळच्या चिबाच्या डोंगरात नेमबाजीची एक रेंज होती, तिथे जुन्या बंदुकांचा क्लब होता आणि नोव्हेंबरात वार्षिक स्पर्धा होती.

उडवायची तर दारू हवी, आणि काळी दारू विकत घ्यायला मात्र पोलिसांची परवानगी लागत होती. मराठीत बंदुकीच्या दारूला दुसरा शब्द नाही याचा त्रास मला पुढच्या महिन्यात झाला. मी प्रणिताला सांगितलं, प्रणिताने आठव्या मजल्यावरच्या नयनावहिनींना, म्हणजे सौ. देवधरांना, सांगितलं, आणि त्यांनी हिगाशी-कसाईच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर एकच ओळ टाकली: 'हरीश दारूच्या परवान्यासाठी पोलीस स्टेशनला गेलेत, प्रणिताला जरा आधार द्या.' दोन दिवसांत आमच्याकडे तीन डबे पुरणपोळ्या, एक व्यसनमुक्तीचं पुस्तक आणि सासूबाईंचा रडवेला फोन एवढं जमा झालं.

चौकशीला मिझुनो नावाचे तरुण पोलीस अधिकारी घरी आले. बूट काढून, नीट वळवून ठेवून, त्यांनी वही उघडली. प्रणिताला त्यांनी वेगळं बसवून विचारलं की पतीचा स्वभाव तापट आहे का, घरात भांडणं होतात का. "होतात," प्रणिता म्हणाली, "पण जिंकत नाही तो." हे त्यांनी लिहून घेतलं. मग शेजाऱ्यांचं मत हवं म्हणून ते आठव्या मजल्यावर गेले आणि पन्नास मिनिटांनी थकून परत आले.

"देवधर-सान म्हणाले की आपण अतिशय सज्जन आहात," मिझुनो-सान वहीत बघत म्हणाले, "पण आपल्याला कधीच चैन पडत नाही. घरात सारख्या येरझारा घालता. याला खालच्या मजल्यानेही दुजोरा दिला. हारिशु-सान, आपण अस्वस्थ का आहात?"

आता या प्रश्नाचं उत्तर मला मराठीत येत नाही, तर जपानीत कुठून येणार? तरी मी प्रयत्न केला. दरवर्षी ऑफिस सांगतं की पुढच्या वर्षी परत जायचं. दरवर्षी आम्ही पुण्याचं घर रंगवून घेतो. दरवर्षी करार वाढतो. नऊ वर्षं झाली. अनघाचं सगळं इथेच आहे. आपण निघालोय की राहतोय तेच कळत नाही, आणि स्टेशनवर उभा असलेला माणूस बसत नाही ना, तसं झालं आहे. हे मी असं नीट बोललो नाही. क्रियापदं चुकली, दोनदा पाणी प्यायलो. मिझुनो-सान लिहायचे थांबले.

"मी होक्काइदोचा," ते म्हणाले. "सहा वर्षं झाली. आईला सांगतो, पुढच्या वर्षी येतो." मग त्यांनी वही मिटली, प्रणिताने दिलेली पुरणपोळी नको नको म्हणत रुमालात बांधून घेतली आणि गेले. परवानगी अठरा दिवसांनी आली.

एका शनिवारी नोगुची-सान काडतुसं करायला शिकवण्यासाठी आमच्याकडे आले. पिशवीतून कागद, मोजून भरायच्या काचेच्या नळ्या, शिशाच्या गोळ्या आणि एक पांढऱ्या वड्यांची डबी निघाली.

"हे काय?"

"ग्युशी. मेणात मिसळायची. गोळी सहज आत सरकते." ते खूश होते. "सुपरमार्केटात मटणाच्या काउंटरवर फुकट ठेवलेली असते. गायीची चरबी. मग काडतूस असं दातांनी तोडायचं, ब्रिटिश सैन्यात तोडत तसंच."

मी उभा राहिलो. मी काही सोवळ्यातला नाही. अंडी खातो, कंपनीच्या पार्टीत काय काय खाल्लं ते विचारूही नये. पण इतिहासाच्या बाईंसमोर तीनदा लिहून दिलेलं उत्तर असं टाळूला लावायचं म्हणजे काय? "नोगुची-सान," मी म्हणालो, "हे आमच्याकडे आधी एकदा झालेलं आहे."

मी त्यांना सत्तावनची सगळी गोष्ट सांगितली. प्रणिता मदतीला आली. मधेच आलेले जयप्रकाशराव तर मेरठपासून दिल्लीपर्यंत गेले. नोगुची-सान गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी डबीचं झाकण लावलं, वाकून माफी मागितली आणि शिक्षकाच्या आवाजात विचारलं, "पर्याय काय? वितळण्याचं तापमान तीस अंशांच्या वर हवं."

प्रणिताने ओट्यावरची तुपाची बरणी पुढे केली.

पुढचे दोन तास आमच्या स्वयंपाकघरात थर्मामीटर, साजूक तूप आणि मेण यांचे प्रयोग चालले. "गायीचं की म्हशीचं?" जयप्रकाशराव विचारत होते. "आणि दाताने तोडलंत की तूप उष्टं होणार, ते लक्षात घ्या." शेवटी सहा भाग तूप आणि चार भाग मेण यावर विज्ञान आणि धर्म यांचं एकमत झालं. अनघा वाटीतलं चाटून बघायला गेली तेव्हा प्रणिताने तिच्या हातावर चापट मारली. एवढा एकच हिंसाचार.

स्पर्धेच्या दिवशी हिगाशी-कसाईहून माझ्याबरोबर सातजण आले. मला नको होते. पण जयप्रकाशरावांनी गाडी ठरवली होती, नयनावहिनींनी दशम्या केल्या होत्या, आणि माणसाने पहिल्यांदा बंदूक उडवायची ती एकट्याने, हे कोणाला पटेना. डोंगराच्या कुशीत रेंज होती. पन्नास मीटरवर मातीच्या भिंतीपुढे नंबर घातलेली कागदाची निशाणं टांगलेली. मी पाच नंबरला, नोगुची-सान माझ्या उजवीकडे सहाला. अर्ध्या तासात जास्तीत जास्त तेरा गोळ्या, त्यांतल्या उत्तम दहा धरणार.

"हात फार थरथरतो आता," नोगुची-सान हळूच म्हणाले. "पुढच्या वर्षी परवानगी मागणार नाही. ही शेवटची." ते एकोणीस वर्षं या क्लबात होते आणि करंडक एकदाही मिळाला नव्हता, हे मला नंतर दुसऱ्यांकडून कळलं.

शिट्टी झाली. काडतूस तोडलं, दारू ओतली, गोळी घातली, गजाने ठासली, ठिणगी देणारी तांब्याची टोपी बसवली, घोडा ओढला. खांद्याला दस्ता टेकवला आणि मला जाणवलं की माझे पाय हलत नाहीयेत. चाप ओढला. आवाजापेक्षा आधी धक्का आला, मग ढग. काळ्या दारूचा धूर पांढराशुभ्र, दाट, आणि वारा नसला की जागचा हलत नाही. त्या धुरात मला ना कागद दिसत होता, ना माती, ना जयप्रकाशराव. ते फक्त ऐकू येत होते. "डावीकडे घ्या! नाही, नाही, उजवीकडे!" धूर जरा विरला की जो कागद दिसेल त्यावर मी नळीच्या टोकाची माशी धरत होतो. शेवटच्या दोन वेळी तर इतकं शांत वाटलं की श्वासही थांबला होता. सातव्या गोळीला वेळ संपल्याची शिट्टी झाली.

पंचांनी कागद आणले. माझा पाच नंबरचा कागद कोरा होता, अगदी शाळेच्या पहिल्या दिवशीच्या वहीसारखा. सहा नंबरच्या कागदावर मात्र अकरा भोकं होती, त्यांतली दोन अगदी मधोमध, एकमेकांना चिकटून.

त्या दोन भोकांकडे पाहिलं आणि मला आठवलं. शेवटच्या दोन वेळी, माशीच्या वर, धुरातून जो आकडा दिसत होता, तो पाच नव्हता.

"शून्य?" जयप्रकाशराव म्हणाले. "अहो, सात गोळ्यांत एकही नाही? साधं गणित म्हणूनसुद्धा एखादी लागायला हवी." नयनावहिनींनी मला दशमी दिली. तिकडे पंचांनी बेरीज केली आणि नोगुची-सानांचं नाव पहिलं वाचलं. आख्खा क्लब टाळ्या वाजवत होता. माझ्या जिभेवर वाक्य आलं होतं, अगदी बरोबर क्रियापदासकट. मी नोगुची-सानांकडे पाहिलं, आणि ते वाक्य दशमीबरोबर गिळलं. प्रणिता माझ्याकडे बघत होती. निशाणं बघायला आणलेली दुर्बीण तिच्या गळ्यात होती. तीही काही बोलली नाही.

पण नोगुची-सान करंडकाकडे गेलेच नाहीत. ते आपल्या टेबलाशी उभे राहून एका गोळीमागे एक अशा काचेच्या रिकाम्या नळ्या मोजत होते. एकदा, मग पुन्हा एकदा. मग कागद घेऊन ते पंचांकडे गेले.

"मी नऊ गोळ्या उडवल्या," ते म्हणाले. "भोकं अकरा आहेत."

पंचांनी नियमांचं पुस्तक उघडलं. तिघांनी मिळून वाचलं, आपसांत चर्चा केली, आणि मग सगळ्यांसमोर, खाली वाकून, निर्णय दिला. जास्तीची भोकं कोणती ते सांगता येत नसल्यामुळे सर्वांत जास्त गुणांची दोन रद्द. त्यामुळे नोगुची-सान पहिल्यावरून सहावे. आणि दुसऱ्याच्या कागदावर मारल्याबद्दल, कागद कोरा असलेल्या शेजारच्या पाच नंबरला प्रत्येक गोळीमागे दोन गुण वजा. फलकावर माझं नाव सर्वांत खाली, त्यापुढे उणे चार. असा आकडा क्लबात पूर्वी कधी लागला नव्हता म्हणून फलक लिहिणाऱ्या मुलीला उणेचं चिन्ह हाताने काढावं लागलं. अनघाने त्याचा फोटो काढला.

मी नोगुची-सानांची माफी मागायला गेलो. वाक्यं जुळवत होतो, ती काही जुळेनात. "तुमचा करंडक," एवढंच म्हणालो.

त्यांनी हात हलवून ते उडवून लावलं. सहा नंबरचा कागद त्यांनी उजेडात धरला आणि त्या दोन चिकटलेल्या भोकांवर बोट ठेवलं. मग कागदाची नीट गुंडाळी करून त्यांनी ती दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली.

"हारिशु-सान," ते अतिशय गंभीरपणे म्हणाले, "तुमचा नेम उत्तम आहे. फक्त कागद चुकतो."

माझ्या शेजारी उभी असलेली प्रणिता जोरजोरात मान हलवत होती. चौदा वर्षं तिला नेमकं हेच म्हणायचं होतं, पण शब्द सापडत नव्हते, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.